सहल दिवसाची, तारे रात्रीचे!

हिवाळा लागला की आपल्या महाविद्यालयात सहलीचे वारे वाहू लागतात. यंदा बैठकीत एक नवलच घडले. डोंगरातले एखादे तळे आणि त्यावरचे ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहायला जायचे, यावर सर्वांचे चक्क एकमत झाले. कुठे जायचे, यावर मात्र नेहमीप्रमाणे तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष लडाखचा. पँगाँग सरोवर चार हजार मीटरहून उंच. शिवाय तिकडच्याच हानले गावाभोवतीचा प्रदेश २०२२ साली अंधाऱ्या आकाशासाठी राखीव ठरला आहे. भाड्याचा विषय निघताच हा पक्ष थंडावला. दुसरा पक्ष लोणारचा. आकाशातून आलेल्या पाषाणानेच खोदलेले ते तळे. पण आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलेले आहे. उरला चिखलदरा. सुमारे ११०० मीटर उंची, गाविलगडाचा डोंगर, शक्कर तलाव, काळापाणी तलाव आणि दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा असा घरचाच रस्ता. आपल्या स्टेशनातून अचलपूरला जाणारी शकुंतला धावत असती तर निम्मी वाट तिनेच नेले असते. ती आता बंद आहे, तेव्हा एस. टी. झिंदाबाद!

इथवर सारे ठीक झाले. मग वेळापत्रक फळ्यावर आले : "पहाटे पाचला प्रस्थान, सायंकाळी पाचला परतीचा प्रवास." मी विचारले, "मग तारे केव्हा पाहायचे?" वर्ग हसला. कोणीतरी म्हणाले, "मुली बरोबर आहेत ना! मुक्काम कसा करणार?"

मित्रहो, माझे भांडण याच उत्तराशी आहे.

मागच्या सहलीत शक्कर तलाव आम्ही भर दुपारी पाहिला. फोटो काढले, भेळ खाल्ली आणि उन्हे कलण्याआधी मुलींना गाडीत बसवून मोजून घेतले. ज्या स्थळाचे खरे वैभव रात्री उघडते, तिथून आम्ही सूर्य मावळण्याआधीच निघालो. याला सहल म्हणावे की हजेरी?

माझ्या ताईच्या लग्नात मुहूर्त दुपारचा होता. विधीप्रमाणे वधूला अरुंधतीचा तारा दाखवायचा होता. गुरुजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवले, ताईने मान हलवली आणि अरुंधती दिसली असे ठरले! सप्तर्षींत वसिष्ठाला चिकटलेला तो बारीक तारा ताईने अजूनही पाहिलेला नाही. मुलीच्या वाट्याला आकाश येते ते असे : लग्नाच्या दिवशी, तेही कापडाआडचे.

मी स्वतः भाग्यवान. आमचे वावर खारपाणपट्ट्याच्या बाहेर असल्याने विहिरीला गोडे पाणी आहे, आणि पंपाला वीज बहुधा रात्रीची. हरभऱ्याला पाणी देताना बाबांना सोबत म्हणून मी कितीदा तरी धुऱ्यावर बसले आहे. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणतात, सप्तर्षी म्हणजे बाज आणि तिच्यामागे लागलेले तीन चोर, हे मला पुस्तकाआधी बाबांनी सांगितले. सहलीचे ऐकून ते म्हणाले, "चांदण्या पाह्याले इतक्या दूर कायले जातं वं माय? वावरात चाल, फुकटात दाखवतो." मी हसले खरी, पण थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत, दुसऱ्या दिवशीच्या कामाची चिंता डोक्यावर घेऊन पाहिलेले आकाश आणि निवांत पाहिलेले आकाश यांत फरक आहे. तो निवांतपणा बाबांना मिळाला नाही. मला एक रात्र तो हवा आहे, आणि माझ्या मैत्रिणींनाही.

प्राध्यापकांची काळजी मी समजू शकते. चाळीस घरांच्या मुली सांभाळून परत आणणे ही लहान जबाबदारी नव्हे. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात याच मुली सात दिवस खेड्यात मुक्काम करतात, पालक संमतिपत्रावर सही करतात, प्राध्यापिका सोबत असतात. रस्ता झाडायला मुक्काम चालतो, मग आकाश पाहायला का चालू नये?

तेव्हा सहल समितीपुढे माझी योजना अशी. पौषातल्या अमावास्येच्या सुमारास दोन दिवस व एक रात्र ठरवावी. पावसाळ्यात तिथे धुके आणि पौर्णिमेला चांदणे. दोन्ही ताऱ्यांना मारक. मेळघाट वाघ-अस्वलांचा आहे, म्हणून अंधारात जंगलात पाऊलही टाकू नये. तलावाकाठी थांबण्याची परवानगी आधी काढावी. न मिळाल्यास मुक्कामाच्या अंगणातले दिवे मालवावेत. बॅटरीला लाल कागद लावावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्यावा. मग कृत्तिका, रोहिणी, व्याध आणि दक्षिणेकडे अगस्ती आपोआप दिसतील. कृत्तिकांचा जो प्रकाश त्या रात्री डोळ्यांत शिरेल, तो सुमारे ४४० वर्षांपूर्वी, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी निघालेला असेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दिवसा १८०३ साली इंग्रजांनी जिंकलेला गाविलगड पाहावा, रात्री त्याहून जुने काही पाहावे.

आणखी उशीर करू नये, असेही वाटते. आपल्या गावात चौकाचौकांत दिवे वाढत आहेत, चिखलदऱ्यातही वाढतील. पेंचला २०२४ साली भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे अंधारही आता जपून ठेवण्याची वस्तू झाली.

फळ्यावरचे वेळापत्रक अजून पुसलेले नाही. त्यातला "सायंकाळी पाच" तेवढा खोडून "दुसऱ्या दिवशी सकाळी दहा" लिहावे, एवढीच विनंती. आणि यादीत मुलींची नावे पहिल्यांदा घालावीत. माझे घातले तरी चालेल. बाबांची सही मी आणली आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग दोन