चढ नाही, म्हणून नको?

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या ट्रेक ग्रुपवर मी एक बेत टाकला. शनिवारी पहाटे पुण्यातून निघायचं, वाळवा तालुक्यात बहे गावाजवळ कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे तिथं दोनेक तास रमतगमत फिरायचं, आणि रात्री जेवायला घरी. दहा मिनिटांत निकाल लागला.

"चढ किती?"

चढ नाही.

"मग ट्रेक कसला? ही तर आईबाबांची सहल!"

झालं. सगळी पब्लिक नेहमीप्रमाणे किल्ल्यावर गेली आणि पायथ्याच्या पार्किंगमधे दीड तास अडकली. मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल :)

असो. सहलच म्हणताय ना, मग म्हटलं आईबाबांनाच नेऊ. आईला लग्नाला जायचं होतं. अण्णा मात्र आटपाडीहून पहिल्या एस.टी.नं निघाले, विट्यामार्गे. वय पासष्ट, गुडघ्यांची रोजची कुरकुर. माझ्या दहा वर्षांच्या ट्रेकिंगमधे अण्णा एकदाही बरोबर नव्हते. कसे असणार? मी निवडलेल्या प्रत्येक वाटेवर त्यांना आधीच वगळलेलं होतं. हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं.

बेट तसं लहान. रामलिंगाचं देऊळ, आणि मागे समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक. गोष्ट अशी सांगतात, की राम इथं पूजेला बसले असताना नदीला पूर आला, तेव्हा मारुतीनं बाहू पसरून पाणी अडवलं आणि प्रवाह दुभंगला. बाहूवरून बाहे, त्याचं बहे. गोष्ट काहीही असो, नदी इथं खरंच दोन हातांनी बेटाला कवेत घेते.

आम्ही हळूहळू चाललो. अण्णा दर पन्नास पावलांवर थांबायचे, म्हणून मीही थांबायचो. आणि थांबलो म्हणून दिसलं! खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत उभा राहून धाडकन सूर मारणारा काळापांढरा खंड्या. चिखलात उमटलेली मुंगसाची (बहुतेक) पावलं. किल्ल्यावर मी काय बघतो? पुढच्याचे बूट आणि घड्याळातली हार्टरेट.

तर माझा मुद्दा असा. सोपी वाट म्हणजे हलकी वाट, हे कुणी ठरवलं? आपण ऑफिसातली टार्गेटं आठवडाभर शिव्या देत पूर्ण करतो आणि शनिवारी डोंगरावर पुन्हा टार्गेटच लावतो. किती किल्ले झाले, किती मीटर चढलो, किती तासांत. पन्नास किल्ले केलेल्या माझ्या एका मित्राला विचारलं, तुझ्या नळाला कुठल्या नदीचं पाणी येतं? तो म्हणाला, "पालिकेचं."

हसू नका, हे गंभीर आहे. का, ते आटपाडीच्या माणसाला विचारा.

आमची नदी माणगंगा. माण तालुक्यात उगम पावते, म्हसवड, दिघंची, सांगोला करत पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. वर्षातला बराच काळ तिच्यात पाणी नसायचं, पण वाळू होती. अण्णा सांगतात, लहानपणी उन्हाळ्यात वाळूत हातभर झरा उकरायचा आणि वाटीनं घागर भरायची. वाळूच्या कणांमधे मुरलेलं पाणी उन्हानं उडत नाही, आणि तेच काठच्या विहिरींना पाझरतं. कोरडी दिसली तरी नदी जिवंत होती ती या वाळूच्या जोरावर. मग रात्रीचे ट्रॅक्टर आणि डंपर सुरू झाले. लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली सांगितलं. पण कायदा काय रात्री पात्रात उभा राहतो? जिथं कुणी फिरायलाच जात नाही, तिथं काय नेलं आणि किती नेलं हे सांगणार कोण?

याउलट किल्ले बघा. बुरुजाचा दगड ढासळला तर संध्याकाळपर्यंत फोटो महाराष्ट्रभर फिरतो. 2025 साली 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले 11 आपल्या राज्यातले. चांगलंच आहे, मलाही अभिमान आहे. किल्ल्यांना ही माया मिळाली कारण पिढ्यान्पिढ्या माणसं तिथं पायी गेली. नदीला ती माया मिळत नाही, कारण आपण नदी फक्त पुलावरून बघतो. तीही काच वर करून, ए.सी. लावून.

आता तुम्ही म्हणाल, "लोक गेले की घाण होणार. बेट लिहून जाहीर करतोयस, उद्या तिथं डीजे वाजेल." मान्य. ही भीती मलाही आहे आणि माझ्याकडे तिचं पक्कं उत्तर नाही. पण माणगंगेवर सहलीची गर्दी कधीच नव्हती, तरी तिची वाळू गेलीच. म्हणून म्हणतो, चारचार जणांनी जा, डबा घरचा न्या, कचरा परत आणा. पावसाळ्यात मात्र अजिबात जाऊ नका. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेनं काय केलं ते सांगलीकरांना विचारा.

परतताना अण्णा पाण्यापाशी उकिडवे बसले. म्हणाले, "यातलंच आपल्याकडं येतं न्हवं?" यातलंच. या बेटाच्या वरच्या अंगाला, कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलतात आणि ते आटपाडीच्या डाळिंबांपर्यंत येतं. त्यासाठी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. त्यात पुढं होते नागनाथअण्णा नायकवडी, ते याच वाळवा तालुक्यातले. भरल्या नदीकाठचा माणूस कोरड्या गावासाठी भांडला. अण्णा त्या परिषदांना सायकलवर जायचे, हे मला त्या दिवशी कळलं. अठ्ठावीस वर्षं एका घरात काढून.

मग त्यांनी ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं. मी फोटो काढला नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी आटपाडी तालुक्यात, माणगंगेच्या पात्रातून. वाळू कुठं उरलीय आणि कुठं खडक उघडा पडलाय ते चालत बघायचं आणि लिहून ठेवायचं. अण्णा वाट दाखवणार आहेत. चढ अजिबात नाही.

येताय का?