एचआयव्ही रूप बदलतो, म्हणून गोळी चुकवायची नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं लगेच ‘एड्सवर लस निघाली’ असं होऊन गेलं. लस नाही ती. लेनाकापाविर हे औषध आहे. ज्यांना लागण झालेली नाही पण धोका आहे, अशांनी सहा महिन्यांतून एकदा त्याचं इंजेक्शन घ्यायचं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या २०२७ पासून ते गरीब देशांना माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत. बातमी मोठीच आहे. पण वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, कोरोनाची लस वर्षभरात आली, याची का नाही?”

जुन्या उर्दू अखबारात कातिब हाताने मजकूर लिहीत. एखादा नुक्ता इकडचा तिकडे झाला की शब्दच बदलायचा. एचआयव्हीचं तसंच आहे. आपल्या पेशीत शिरून तो स्वतःच्या नकला काढतो, आणि नक्कल तपासणारा कोणी नसतो. उपचार नसतील तर एका माणसाच्या अंगात दिवसाला अब्जावधी नकला तयार होतात. बहुतेक चुका विषाणूलाच महाग पडतात, पण एखादी त्याच्या फायद्याची निघते आणि मग तोच वंश वाढतो.

मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून माणसात आलेला हा विषाणू १९२० च्या आसपास किन्शासा शहरातून पसरू लागला, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. तेव्हापासून त्याची घराणीच झाली. त्यांना ए, बी, सी, डी अशी नावं आहेत. अमेरिका आणि पश्चिम युरोपात मुख्यतः बी, तर दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या भारतात सी. जगातले जवळपास निम्मे रुग्ण या सी प्रकाराचे. (कावीळवाल्या हेपटायटिस सीशी याचा काही संबंध नाही, ही गल्लत मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकली आहे.) सुरुवातीचं बरंचसं संशोधन मात्र बीवर झालं, कारण पैसा आणि प्रयोगशाळा तिकडे होत्या. पुढे सी प्रकारासाठी खास बेतलेली लस दक्षिण आफ्रिकेत तपासली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. लस घेतलेल्या गटात १२९ जणांना लागण झाली होती, आणि नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेतलेल्या गटात १२३ जणांना. म्हणून लेनाकापाविरची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या स्त्रियांमध्ये झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं. २,१३४ जणींना ते दिलं होतं, एकीलाही लागण झाली नाही.

प्रकार बदलला की आजाराचा वेगही बदलू शकतो. नेदरलँड्समध्ये बी घराण्याचीच एक जहाल शाखा सापडली, २०२२ मध्ये ती जगासमोर आली. त्या रुग्णांच्या सीडी४ पेशी, म्हणजे अंगातले पहारेकरी, दुप्पट वेगाने कमी होत होत्या. पण नेहमीच्या औषधांनी ती शाखाही आटोक्यात आली. उलट एचआयव्ही-२ हा वेगळाच भाऊबंद. तो पसरतो हळू, आपल्याकडे थोडा आहे, पण नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ ही औषधं त्याच्यावर चालत नाहीत. म्हणून लागण एकची की दोनची, हे तपासणीत कळायलाच हवं.

सी प्रकारावर आजची औषधं उत्तम चालतात. घोळ होतो तो गोळ्या तुटल्यावर. तीन औषधं एकत्र असतात ती एवढ्याचसाठी, की विषाणूला एकाच वेळी तिन्ही कुलपं उघडता येऊ नयेत. गोळी कधी घेतली, कधी नाही, असं झालं की अंगात औषध अर्धवट राहतं, विषाणू वाढत राहतो आणि कुलूप उघडणारी नक्कल तेवढी टिकते. बऱ्याच देशांत जुन्या औषधांना असे दाद न देणारे विषाणू वाढले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये डोल्युटेग्राविरला पहिली पसंती दिली. आता आपल्याकडेही तीच गोळी आहे, दिवसातून एकदा, सरकारी एआरटी केंद्रात मोफत.

माझ्या ओळखीतली एक सून नणंदेच्या शादीत घर पाहुण्यांनी भरलं म्हणून दीड महिना गोळ्याच घेऊ शकली नाही. डबी कुठे ठेवणार? नवऱ्याकडूनच तिला लागण झाली होती, पण बोट तिच्याकडेच दाखवलं गेलं असतं. नंतर व्हायरल लोड वर गेला आणि औषध बदलावं लागलं. तिचा विषाणू कोणत्या घराण्याचा होता यापेक्षा तिचं घराणं कसं होतं, हे जास्त नडलं.

रमजानमध्येही काही जण गोळी सोडतात. दिवसातून एकच गोळी असेल तर ती इफ्तारनंतर रोज ठरल्या वेळी घेता येते का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. २०१७ च्या कायद्याने रुग्णाचं नाव त्याच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येतं. त्या सुनेला हा क्रमांक कोणीच सांगितला नव्हता.