बिऱ्हाड हलते, डोस मागे राहतो

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात ही नावे ऐकली की जुन्या बायाबापड्यांच्या पोटात गोळा यायचा. घटसर्पात घशाला राखी पडदा धरायचा आणि पोर श्वासासाठी तडफडायचे. डांग्या खोकल्याची उबळ आली की तान्हे काळेनिळे पडायचे. विळ्याने नाळ कापून त्यावर राख-शेण लावलेली बाळे धनुर्वाताने आठवडा-दोन आठवड्यांत जायची. १९७८ मध्ये देशात लसीकरणाचा कार्यक्रम आला, १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला आणि चित्र पालटले. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

या लढाईत आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. हडपसरची सिरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये सुरू झाली ती घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वाताची प्रतिलस काढण्यासाठी. आज तिथली लस जगभर जाते. मात्र दिव्याखाली अंधार असतो, तो चाकण, म्हाळुंगे, निघोजेच्या पत्र्याच्या खोल्यांत आणि वीटभट्ट्यांवर पाहावा.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन डोस बहुतेक बाळांना मिळतात. पूर्वीच्या त्रिगुणीच्या जागी आता पेंटा लस आहे. तिच्यात हे तीन रोग तर आहेतच, शिवाय कावीळ-ब आणि हिब यांचीही भर आहे. खरी गळती पुढे होते. सोळा ते चोवीस महिन्यांत त्रिगुणीचा पहिला बूस्टर, पाच-सहा वर्षांना दुसरा. तोवर ठेकेदार बदललेला, खोली सोडलेली, कार्ड गावाकडच्या पेटीत. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या हातावर पोट असलेल्या कुटुंबाचे हे नेहमीचेच झाले आहे. त्यात इंद्रायणीच्या अलीकडे मोशी महापालिकेची, पलीकडे चिंबळी-कुरुळी जिल्हा परिषदेची. पूल ओलांडला की पोर एका यादीतून निघते, दुसरीत चढतेच असे नाही.

‘तीन सुया झाल्या, आता कशाला?’ असे आया विचारतात. उत्तर सरळ आहे. लसीचे बळ काळाने ओसरते. म्हणूनच देशात अलीकडे घटसर्प पाच वर्षांवरच्या मुलांतही बराच दिसतो. धनुर्वाताचे तर आणखी वेगळे आहे. तो माणसाकडून माणसाला होत नाही, त्याचा जंतू मातीत आणि शेणात राहतो. शेजारच्या शंभर मुलांनी लस घेतली तरी आपल्या पोराला तिचा उपयोग नाही. भंगार आणि मातीत खेळणाऱ्या लेकरासाठी त्याची स्वतःची सुईच कामाची.

दुसरी अडचण तापाची. त्रिगुणीनंतर अंग गरम होते, मांडी दुखते, पोर रात्रभर रडते. दुसऱ्या दिवशी आईचा खाडा पडतो आणि मजुरी बुडते. या बाईला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यापेक्षा नर्सबाईंनी आधीच सांगावे, की हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉल किती आणि केव्हा द्यायचे, आणि फार ताप किंवा झटका आला तर कुठे यायचे. सत्र सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी वस्तीवरच ठेवले तर निम्मी अडचण सुटेल.

डोस चुकला म्हणजे सगळे पहिल्यापासून करावे लागते, हाही गैरसमज आहे. जिथे थांबले तिथून पुढे द्यायचे असते. त्रिगुणीचे राहिलेले डोस सात वर्षांपर्यंत पुरे करता येतात. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी आहेच. ही लस सरकारी केंद्रात फुकट मिळते.

आमची मागणी साधी आहे. कार्ड नाही, पत्ता इथला नाही म्हणून कोणतेही पोर केंद्रावरून परत जाता कामा नये. महापालिका आणि जिल्हा परिषदेने पुलाच्या दोन्ही काठांच्या वस्त्यांची यादी एकत्र करावी. भट्टीमालक आणि ठेकेदारांनी नवे बिऱ्हाड आले की आशाताईंना कळवावे, आणि लसीच्या दिवशी आईचा खाडा धरू नये. मजूर कुठले हे ज्याला पाठ असते, त्याला त्यांची पोरे किती हे ठाऊक असायला काय हरकत आहे?