विणकाम : कोपेश्वराच्या नक्षीचे हातमोजे

थंडीत कुरुंदवाडहून नरसोबाच्या वाडीला काकड आरतीला जायचे म्हणजे नदीचा वारा बोटांना कसा झोंबतो! सासूबाईंची बोटे आखडतात, पण पूर्ण हातमोज्यात जपमाळ सरकत नाही. म्हणून हे उघड्या बोटांचे.

नक्षी सुचली खिद्रापूरच्या बाराव्या शतकातल्या कोपेश्वर मंदिरात. तिथे स्वर्गमंडपाचे खांब 48, माझ्या नक्षीचे टाकेही 48. (पायथ्याचे हत्ती विणायचा मोह झाला होता, पण एवढ्या टाक्यांत हत्तीचा उंदीर होतो!)

फोर-प्लाय लोकर, करडी आणि मोतिया. सुया अकरा नंबर. करड्या लोकरीने, शिवणीचे दोन धरून 50 टाके घाला. 18 ओळी दोन सुलट, दोन उलट. मग एक ओळ सुलट, एक उलट करीत शंकरपाळी काढा : दर आठ टाक्यांत मधोमध मोतिया 1, 3, 5, 7, 5, 3, 1, नंतर एक ओळ सारी करडी. असे पाच वेळा. पुन्हा 6 ओळी दोन-दोनच्या, आणि सैल हाताने टाके बंद. कडा शिवताना अंगठ्यासाठी दोन इंच फट ठेवा.

पहिला जोड मी मागचे दोरे ताणून विणला. सासूबाई "छान झालेत हो" म्हणाल्या, आणि आरतीला गेल्या त्या पदरात हात गुंडाळून! हातात शिरतच नव्हते, बिचाऱ्या बोलल्या नाहीत. सगळे उसवले. तेव्हा मागचा दोरा सैलच सोडा. चार टाक्यांहून लांब गेला की दुसऱ्या रंगाशी एक पिळा द्या.

दुसरा जोड आता त्या धुवायलासुद्धा देत नाहीत.