स्टोरी टाकलीत, पण दुकान सापडलं का?

जून २०२५. इटलीतल्या मिलानमध्ये प्राडाचा फॅशन शो झाला आणि रॅम्पवर चालणाऱ्या मॉडेल्सच्या पायात दिसली आपली कोल्हापुरी. तोच चपटा तळ, तोच अंगठा, तोच पट्टा. नाव मात्र कुठंच नाही. कोल्हापूर नाही, कारागीर नाही, नुसतं ‘लेदर सँडल’.

पुढचं सगळं तुमच्या-आमच्या मोबाइलवरच घडलं. मीम्स आले, रील्स आले, ‘आमच्या आजोबांच्या पायात होती ही’ म्हणत जुने फोटो आले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र धाडलं. या सँडलमागची प्रेरणा भारतीय कारागिरांच्या पारंपरिक चपलेची आहे, हे शेवटी प्राडाला मान्य करावं लागलं. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेली. एवढ्या मोठ्या ब्रँडला सोशल मीडियानं बोलतं केलं, हे काही थोडंथोडकं नव्हे.

पण आता एक प्रश्न स्वतःलाच विचारू. तेव्हा स्टोरी टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या आठवड्यात कोल्हापुरीचा एक जोड विकत घेतला? आणि घ्यायचं मनात आलंच असेल, तर तो कुणाकडून?

मोबाइल काढा आणि शोधून बघा. बड्या शॉपिंग ॲप्सवर ‘कोल्हापुरी स्टाइल’ म्हणून रेक्झिनच्या चपला ढिगानं मिळतील. पण ज्याच्या हाताला चामड्याचा वास आहे, जो वादीनं शिवतो, ज्याच्या घरातली बाई पट्ट्याची वेणी घालते, त्याचं नाव, त्याचा नंबर, त्याच्या दुकानाची वेळ? कुणाचं इन्स्टाग्राम असतं, पण शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची. कुणाची वेबसाइट असते, पण ती मोबाइलवर उघडली की मुंगीएवढी अक्षरं दिसतात. बहुतेकांचं काहीच नसतं.

प्राडानं नाव दिलं नाही म्हणून आपण चिडलो, ते बरोबरच होतं. पण जे गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन निघालंय आणि ज्याला दुकानच सापडत नाही, ते रोज हातचं जातंय. त्याबद्दल कुणी स्टोरी टाकत नाही.

‘आमचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे’

हे वाक्य फक्त चपलांच्या दुकानात ऐकू येतं असं नाही. खानावळ, पिठाची गिरणी, शिलाईचं दुकान, रोपवाटिका, गणपतीचा कारखाना, मसाला कांडप... तुमच्यापैकी अनेकांच्या घरी यातलं काही ना काही असेल. घरी वेबसाइटचा विषय काढला की बाबा म्हणणार, ‘आपलं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, आपल्याला काय करायचंय ते?’

त्यांचं म्हणणं खोटं नाही. तीस वर्षं त्याच माणसांनी दुकान चालवलं. पण त्या ठरलेल्या गिऱ्हाइकाचा मुलगा आता पुण्यात, हिंजवडीत नोकरीला आहे. त्याला कोल्हापुरी हवीय, वडील घालायचे तशीच हवीय. तो गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला विचारत नाही, मोबाइलला विचारतो. मोबाइल ज्याचं नाव सांगेल, ते त्याचं दुकान.

आणि मोबाइल कुणाचं नाव सांगतो, यालाही काही नियम आहेत. मोबाइलवर नीट दिसणाऱ्या वेबसाइटना मोबाइलवरच्या शोधात झुकतं माप द्यायला गूगलनं एप्रिल २०१५ पासूनच सुरुवात केली. पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर निम्म्याहून अधिक लोक तिथून निघून जातात, हेही गूगलनंच २०१६ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे दहा एमबीचे फोटो टाकून केलेली झकपक वेबसाइट एसटीत बसून, एक काडी रेंजवर शोधणाऱ्या माणसाच्या काही कामाची नाही.

‘मोबाइल फ्रेंडली’ म्हणजे फार मोठं काही नसतं. अक्षरं बोटांनी ताणून मोठी न करता वाचता यावीत. नंबरवर बोट ठेवलं की फोन लागावा. पत्त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडावा. किंमत दिसावी. दुकान कधी उघडं आणि कधी बंद, ते कळावं. पुष्कळ जण व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून तोच चिकटवतात. त्यातला नंबर दाबून फोन लागत नाही आणि शोधणाऱ्याला तो पटकन सापडतही नाही. तेच चार शब्द टाइप केले, तर दोन्ही कामं होतात.

आणि ते मराठीतही टाइप करा. आपली माणसं आता माइकचं बटण दाबून मराठीत बोलून शोधतात. वेबसाइटचा पत्तासुद्धा देवनागरीत, शेवटी ‘.भारत’ असलेला, २०१४ पासून घेता येतो.

जत्रा आणि घर

‘मग इन्स्टा आहे की, वेबसाइट कशाला?’ हा प्रश्न येणारच. आम्ही असं म्हणू की सोशल मीडिया ही जत्रा आहे आणि वेबसाइट हे घर. जत्रेत गर्दी असते, ओरडून माल विकता येतो, चार नवी माणसं भेटतात. पण जागा आपली नसते. उद्या जत्रा उठली की आपला पालही उठतो.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. गावोगावच्या ज्या पोरापोरींनी तिथं लाखो फॉलोअर्स जमवले होते, त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे नंबर, मालाचे फोटो असं सगळं तिथंच होतं, त्यांना तेवढा वेळ दुकानाचं शटर कुणीतरी बाहेरून ओढल्यासारखं झालं.

म्हणून जत्रेत जायचं, जरूर जायचं. पण भेटलेल्या माणसाला घरचा पत्ता द्यायचा. रीलखाली वेबसाइटची लिंक हवी. ती एका पानाची असली तरी चालेल. कोण बनवतं, काय बनवतं, केवढ्याला, कसं मागवायचं, एवढं आलं की बास. ज्यांना तेवढंही जमत नाही, त्यांनी गूगल मॅपवर दुकानाची फुकट नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचा कॅटलॉग, या दोन गोष्टींपासून सुरुवात करावी. दोन्हींना पैसे लागत नाहीत, लागते ती एक मोकळी दुपार.

नाव कुणाचं?

कोल्हापुरीच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे आणि आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावायचं, तळ कापायचा, पट्टा विणायचा, शिवायचं, या सगळ्यात दिवसच्या दिवस जातात. हे काम पिढ्यानपिढ्या चर्मकार समाजातल्या माणसांनी केलं. शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं. पण पाटी दुकानदाराची असते, शिक्का ब्रँडचा असतो. ज्यानं जोड शिवला, त्याचं नाव गिऱ्हाइकाला कळत नाही. मिलानमध्ये जे झालं, ते आपल्या बाजारात आधीपासून होतच आलंय.

मोबाइलवरचं एक साधं पान ही सवय मोडू शकतं. कारागिरानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह, ‘ही चप्पल मी शिवली’ असं लिहिलं, की घेणाऱ्याला त्या किमतीचा अर्थ कळतो. रेक्झिनची जोडी दोनशेला मिळते आणि ही दीड-दोन हजाराला का, हे दुकानात रोज वीस वेळा सांगून घसा बसतो. तोच प्रश्न एका मिनिटाच्या व्हिडिओत सुटतो. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळानं म्हणजे लिडकॉमनं अस्सल कोल्हापुरीवर क्यूआर कोड देण्याची सोय केली, त्यामागेही हाच विचार आहे. कोड स्कॅन करा, बनवणारा कोण ते बघा.

अर्थात ऑनलाइन गेलं की सोनंच सोनं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हातानं बनणाऱ्या वस्तूला मर्यादा असते. एक रील व्हायरल झाला आणि पाचशे ऑर्डरी आल्या, तर महिन्याला चाळीस जोड करणारा माणूस काय करणार? घाईत माल बिघडवेल, नाहीतर बाहेरून आणून स्वतःचा म्हणून विकेल. दोन्हीत पत जाते. त्यापेक्षा ‘या महिन्याच्या ऑर्डरी संपल्या, पुढच्या महिन्याचं बुकिंग चालू’ असं पानावर लिहिणं बरं. मापाचाही घोळ होतो. त्यावर सोपा उपाय असा, की गिऱ्हाइकानं कागदावर पाऊल ठेवून पेनानं बाहेरची रेघ मारायची आणि पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. पावसात घालू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, हेही आधीच लिहून ठेवलं की नंतरची भांडणं टळतात.

हे काम तुमचंच

हे सगळं करणार कोण? बाबांना वेळ नाही, आईला ॲपची भीती वाटते. एजन्सीला द्यायला पैसे नाहीत. घरात ज्याला रील एडिट करता येतो, ज्याला रात्री दोन वाजता मित्राच्या वाढदिवसाचा व्हिडिओ जमतो, त्याला हे जमणार नाही असं कसं म्हणायचं? दुकान तुमच्या घरचं नसेल, तर कॉलेजसमोरच्या वडापाववाल्या काकांचं असेल, हॉस्टेलला डबा देणाऱ्या मावशींचं असेल.

फक्त काही गोष्टी पाळा. खातं, ईमेल आणि वेबसाइटचा पत्ता दुकानमालकाच्या नावावर काढा, तुमच्या नको. तुम्ही नोकरीला बंगळुरूला गेलात आणि पासवर्ड तुमच्याबरोबर गेला, तर दुकानाला पुन्हा कुलूप. ज्याचा फोटो टाकाल, त्याला आधी विचारा. ‘पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं सांगणारं गिऱ्हाईक चोर असतं, हे घरच्यांना दहादा सांगा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि कामाची नोंद ठेवा. ‘नकाशावर बघून आलो’ म्हणणारे महिन्यात किती आले, ते वहीत लिहा. तीन महिन्यांनी ती वही बाबांपुढे ठेवा. तुमच्या लेक्चरपेक्षा ती जास्त बोलेल.

येत्या रविवारी एवढंच करा. आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या दुकानाचं नाव, जणू तुम्ही परगावचे आहात असं समजून, मोबाइलवर टाका. दुकान सापडतं का? वेळ बरोबर आहे का? फोन लागतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुपारचा चहा तिकडेच घ्यायला जा. जाताना चार्जर बरोबर ठेवा.