शीरखुर्म्यातला काजू कुणाचा?

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या वाटीतला काजू आपण कोकणातलाच मानतो. कधी तो असतोही. पण भारतातल्या काजू कारखान्यांना पुरेल एवढी काजूबी देशात पिकत नाही. तिचा मोठा वाटा आफ्रिकेतून येतो. ती पाठवणाऱ्या एका देशाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल: गिनी-बिसाऊ.

पश्चिम आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हा देश आपल्या कोकण विभागापेक्षा थोडा मोठा. लोकसंख्या वीस-बावीस लाख. जवळपास निम्मे लोक मुस्लिम, मुख्यतः फुला आणि मंदिंका समाजांचे. बाकीचे ख्रिस्ती आणि पारंपरिक श्रद्धा मानणारे. सरकारी भाषा पोर्तुगीज, पण बाजारात चालते ती क्रियोल.

गोव्याचे आणि या देशाचे राज्यकर्ते एकच होते. ब्राझीलचे काजूचे झाड आपल्या किनाऱ्यावर आणले तेही पोर्तुगिजांनीच. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. गिनी-बिसाऊला मात्र 1963 पासून दशकभर सशस्त्र लढा द्यावा लागला. लढ्याचे नेते अमिल्कार काब्राल पेशाने कृषितज्ज्ञ होते. जानेवारी 1973 मध्ये त्यांची हत्या झाली आणि त्याच सप्टेंबरात स्वातंत्र्याची घोषणा झाली. वसाहतकाळात इथून भुईमूग जायचा, आज काजू जातो. झेंडा बदलला, कच्चा माल बाहेर पाठवण्याची रीत बदलली नाही.

आज या देशाच्या निर्यातीतून येणाऱ्या पैशाचा फार मोठा भाग एकट्या काजूचा आहे. हंगामात घरातली बायकामुलेही बिया वेचतात. अनेक गावांत व्यापारी काजूच्या बदल्यात तांदूळ देतो. तोही बहुधा आयात केलेला. काजूचा भाव पडला, की त्याच पोत्याला तांदूळ कमी मिळतो. 2020 मध्ये कोरोनामुळे परदेशी खरेदीदार वेळेवर पोहोचू शकले नाहीत, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याने हे भोगले.

ही बी बहुतांश टरफलासकट जहाजात चढते आणि भारत किंवा व्हिएतनामला जाते. चार-साडेचार किलो बियांतून जेमतेम एक किलो गर निघतो. म्हणजे समुद्र ओलांडणाऱ्या मालात वजनाने टरफलच जास्त. बी फोडणे, साल काढणे, प्रतवारी, भाजणे, पाकीटबंद करणे, या प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि मजुरी मिळते. यातले फारसे काही बी पिकवणाऱ्या गावात होत नाही.

मग ते लोक कारखाने का काढत नाहीत? कारण आळस नव्हे. देशाने 1998-99 चे यादवी युद्ध आणि वारंवारची लष्करी बंडे पाहिली आहेत. कर्ज महाग, वीज बेभरवशाची. राजधानी बिसाऊला समुद्रातल्या तरंगत्या वीजकेंद्रातून वीज मिळत होती. ऑक्टोबर 2023 मध्ये थकबाकीमुळे ती तोडली गेली आणि शहर अंधारात गेले. शिवाय काजूगर विकत घेणारे देशही वाट अडवतात. भारताने 2019 मध्ये काजूगरावरचे सर्वसाधारण आयात शुल्क 45 वरून 70 टक्के केले. बीवरचे शुल्क त्या मानाने किरकोळ आहे. बी पाठवा, गर पाठवू नका, असाच याचा अर्थ.

या शुल्कामागे आपल्याकडच्या कामगारांची काळजी आहे, हे मान्य. सिंधुदुर्गात आणि चंदगड-आजऱ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांची रोजी खरी आहे. पण याच सिंधुदुर्गातला बागायतदार परदेशी बीमुळे आपला भाव पडतो अशी तक्रार करतो. म्हणजे तिथला शेतकरीही नाडला जातो आणि इथलाही.

आपल्या समाजात आफ्रिकेतल्या मुस्लिमांची आठवण बहुधा रमजानमध्ये होते, मदतीच्या आवाहनातून. ती मदत जरूर द्यावी. पण ज्याच्या मालावर आपला बाजार चालतो त्याला केवळ मदतीला पात्र गरीब मानणे अन्यायाचे आहे. तो आपला पुरवठादार आहे. त्याचा हक्क आधी भावावर आहे, दानावर नंतर.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे. काजूच्या पाकिटावर कारखान्याचा पत्ता असतो, बी कुठल्या देशातली ते सहसा नसते. ते छापणे सक्तीचे करा, अशी मागणी आपण ग्राहक म्हणून करू शकतो. त्यातून भौगोलिक मानांकन मिळालेल्या वेंगुर्ला काजूला त्याचा खरा भाव मिळेल आणि बिसाऊच्या शेतकऱ्याचे नावही दुकानापर्यंत पोहोचेल. आयात करणाऱ्यांनी हंगामाआधी भाव ठरवून अनेक वर्षांचे करार करावेत. बी फोडण्याचे काम तिथे आणि प्रतवारी, भाजणे, पाकीटबंद करणे इथे, अशी वाटणीही होऊ शकते. पश्चिम आफ्रिकेतल्याच आयव्हरी कोस्टने सरकारी प्रोत्साहन देऊन प्रक्रिया वाढवून दाखवली आहे.

आपल्यातले कितीतरी तरुण आज वाणिज्य शिकतात, सुक्यामेव्याच्या व्यापारात उतरतात. मित्रांनो, पुढच्या वेळी काजूचा सौदा कराल तेव्हा दर विचाराच, पण बी कुठून आली आणि पिकवणाऱ्याला काय मिळाले, हेही विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले, की व्यापाऱ्याला उत्तर ठेवावे लागते.