सही म्हणजे गवाही

बारावीचा निकाल जवळ आला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "टीचर, मुलाला इंजिनिअर करावं की आर्किटेक्ट? पगार कशात जास्त?" पगाराचा प्रश्न गैर नाही, घर चालवायचे तर तो विचारावाच लागतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, हे काम रोज करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आर्किटेक्ट इमारतीचा आराखडा करतो. उजेड कुठून येईल, वारा कसा खेळेल, म्हातारी आजी पायऱ्या कशी चढेल, वजू करायला आणि नमाज पढायला घरात निवांत कोपरा कुठे मिळेल, हे सगळे त्याने आधी कागदावर सोडवायचे असते. हा आराखडा उभा राहील कसा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. पाया किती खोल, खांब किती जाड, सळई किती, हा त्याचा हिशोब. आणि कागदावरचे प्रत्यक्षात तसेच उतरते की नाही, हे पाहण्यासाठी साइट इंजिनिअर उन्हात उभा असतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी डिप्लोमा करून साइटवर लागली. स्लॅबचा दिवस कसा असतो, ते तिने सांगितले. फजरनंतर घर सोडायचे. सेंट्रिंगचे टेकू हलत नाहीत ना, सळयांमधले अंतर नकाशाप्रमाणे आहे ना, सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत ना, हे स्वतः वाकून पाहायचे. मग माल पडू लागतो आणि तासाभरात आवाज येतो, "मॅडम, माल घट्ट आहे, थोडं पाणी सोडू द्या." पाणी सोडले की माल भराभर पसरतो, मजुरांचे कष्ट वाचतात, ठेकेदाराचा वेळ वाचतो. पण जास्तीचे पाणी पुढे सुकून जाते आणि काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या सोडते. स्लॅब वरून गुळगुळीत दिसतो, आतून कमजोर राहतो. म्हणून नाही म्हणायचे. वयाने आणि अनुभवाने मोठ्या वीस माणसांसमोर बावीस वर्षांच्या मुलीने नाही म्हणायचे! ती म्हणते, "परीक्षेत सगळं विचारलं, हे नाही कुणी विचारलं."

त्याच मालातून 15 सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात. 7 आणि 28 दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडले जातात आणि काँक्रीटची ताकद आकड्यात कळते. त्या आकड्याखाली इंजिनिअरची सही असते. ही सही म्हणजे गवाही आहे. ठोकळा एका मालाचा आणि स्लॅब दुसऱ्या मालाचा असेल, तर ती खोटी गवाही झाली. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात कमी करणाऱ्यांना कडक इशारा आहे. आपण तो दुकानदाराच्या तराजूपुरता समजतो. सळईची एक रिंग कमी बांधणे, सिमेंटची एक गोणी कमी टाकणे, हेही माप मारणेच आहे.

4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळ भागात बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि 70 हून अधिक माणसे गेली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहत होती. त्यांत लहान मुलेही होती. या व्यवसायातली चूक वहीत लाल शाईने दुरुस्त होत नाही.

याच व्यवसायात फजलुर रहमान खान यांच्यासारखी माणसेही झाली. 1929 साली बंगालमध्ये जन्मलेले, ढाक्यात शिकलेले हे इंजिनिअर. शिकागोच्या 110 मजली सिअर्स टॉवरची रचना त्यांची. उंच इमारतीला वाऱ्याचा मोठा धोका असतो. बाहेरच्या बाजूने जवळजवळ खांब उभे करून सगळी इमारत पोकळ नळीसारखी ताठ करायची, ही त्यांची कल्पना आज जगभर वापरली जाते. जेद्दाहच्या हज टर्मिनलचे तंबूसारखे छत आपल्यातल्या अनेक हाजींनी पाहिले असेल. त्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता.

आता रस्ता सांगते. आर्किटेक्चरचा पदवी अभ्यासक्रम 5 वर्षांचा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्यावे, नाटा ही परीक्षा द्यावी. 1972 च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. इंजिनिअरिंगची पदवी 4 वर्षांची. दहावीनंतर 3 वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते. फी झेपत नसेल तर हा रस्ता बरा. मधल्या काळात नोकरीही करता येते.

सुरुवातीची वर्षे कठीण असतात, हेही सांगायला हवे. पगार बेताचा, साइट लांबची, मुलींसाठी स्वच्छतागृहाचीही वानवा. शुक्रवारी स्लॅब असला तर सहकाऱ्याशी आधीच बोलून जुम्याची वेळ काढावी लागते. पण आपल्या कितीतरी घरांत अब्बा किंवा मामू गवंडी, फिटर, टाइल्सचे मिस्त्री असतात. ओळंबा आणि गुण्या या मुलांनी लहानपणीच हाताळलेला असतो. पुस्तकात भेटणारी गोष्ट त्यांनी अंगणात पाहिलेली असते. ही त्यांची मोठी पुंजी आहे, तिची लाज वाटू देऊ नका.

आणि भगिनींनो, मूल इंजिनिअर होवो वा न होवो, घर घेताना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. दोन-चार लाख कमी म्हणून कागद न पाहता दागिने मोडू नका. आपण विचारत नाही, म्हणूनच नाही म्हणणारा इंजिनिअर साइटवर एकटा पडतो. आपण विचारू लागलो तर त्याच्या "नाही"ला वजन येईल. अल्लाह आपल्या मुलांना हुनर देवो आणि त्या हुनराची अमानत सांभाळण्याची तौफीकही देवो. आमीन.